विषाच्या पेल्याआधीचा श्वास

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो, कारण मेल्यावर ती कोणी ऐकून घेणार नाही. ऑपेरागृहातील तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची वृत्तपत्राच्या वतीने तेवीस वर्षे मी अडवली आहे. नायिका मरू लागली की ती नेमकी कुरकुरते. व्यवस्थापकांना सात पत्रे धाडली. उत्तर एकच आले : आपण हलू नये.

आता मुद्द्याचे. मी, ऑपेराचा समीक्षक, वय वर्षे छप्पन्न, पुढच्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया करून घेणार असल्याने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. ‘पूर्ण शुद्धीत’ या शब्दांखाली वकीलबाईंनी दोनदा रेघ ओढली. त्यांनी माझे लेख वाचलेले दिसतात.

१. मनोविश्लेषणाचे ग्रंथ, दोन फळ्या, ग्रंथालयाला. यांच्याच जोरावर मी दर शनिवारी एकेका दुर्दैवी नायिकेला कोचावर झोपवले. कोणी नदीत शिरली, कोणाला वेड लागले. प्रत्येकीच्या मागे मी एक बाप हुडकून काढला. आमचे संस्कृतचे गुरुजी सांगत, रंगमंचावर मरण दाखवू नये. मी ते दाखवले तर नाहीच, वर समजावून सांगत बसलो.

२. ऑपेरा पाहायची दुर्बीण वृत्तपत्राच्या मुद्रितशोधकाला द्यायची होती. माझ्या ‘मरणेच्छा’ या शब्दापुढे त्याने दरवेळी समासात प्रश्नचिन्ह काढले आणि दरवेळी मी ते खोडले. परंतु तो याचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. सबब त्याची सगळी प्रश्नचिन्हे त्याला साभार परत.

३. ताईच्या भूमिकेचे छायाचित्र व माझ्या लेखाचे कात्रण एकाच पाकिटात आहेत. ते फोडू नये. माझी थोरली बहीण ऑपेरात तुरुंगातल्या राणीचे काम करी. विष पिण्याआधीच्या गाण्यात, सर्वांत उंच ओळीच्या तोंडाशी, तिने एकदा श्वास तोडला, म्हणजे मध्येच थांबून नवा घेतला. मी त्यावर हजार शब्द लिहिले : या श्वासात राणी बापाला हाक मारते आणि ती हाक गिळते. शहरभर वाहवा झाली. कोणी विचारले की ताई म्हणायची, “मुद्दामच घेते.” पुढे दोन वर्षे ती तिथेच श्वास तोडत राहिली. छातीच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, माझा हात धरून म्हणाली, “लेख छान होता रे तुझा. मला फक्त श्वास पुरत नव्हता.”

४. राहते घर व बचत मुलीला. अट एकच : ताबा घेण्याआधी तिने छातीच्या डॉक्टरांना दाखवून यावे. अशी अट कोर्टात टिकणार नाही, असे वकीलबाईंचे मत. कोर्टात टिकायला नकोच. मुलीच्या डोक्यात टिकली म्हणजे पुरे.

ठिकाण : खिडकीजवळचे माझे मेज. दिनांक : सोळा, गुरुवार.
सही : लिहून ठेवणारा
साक्षीदार : मुद्रितशोधक, तळमजल्यावरचा घड्याळजी

सह्या झाल्यावर घड्याळजीने चौथे कलम पुन्हा वाचले आणि विचारले, “हे मेल्यावर कशाला? आत्ताच फोन करा की.” म्हणून पाचवे कलम घालतो, दोघांनी याखाली पुन्हा सही करावी.

५. फोन केला होता. मुलगी या मोसमात तेच राणीचे काम करते आहे. मागच्या शनिवारी खुर्ची कुरकुरली, कारण मी दचकलो : तिने त्याच जागी श्वास तोडला. फोनवर मी विचारले तर हसली. “बाबा, तुमच्याच लेखात आहे ना? मुद्दामच घेते.”

लेखातून उचलला असेल तर उत्तमच. पण ताईही हेच म्हणायची. तेवीस वर्षे नायिकांची मने वाचली, आणि पोटची पोर आजारी आहे की नाही, हे मला कळत नाही. आजारी असली, तर ते लपवायला शब्द मीच तिला दिले आहेत. शस्त्रक्रियेची मला भीती नाही. याची आहे.

सही : बाप
साक्षीदार : वरीलप्रमाणे