सून न मावणारा कॅमेरा

३ जून २००८

आला! एवारिस्तोने शिकागोहून कॅमेरा पाठवला! केवढा, तर साबणाच्या वडीएवढा. एप्रनच्या खिशात टाकला की मलाच सापडत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण बटण एकच — दाबायचं. फोनवर म्हणाला, "आई, यारेलीच्या पंधराव्या वाढदिवसाला फोटोंची धर्मआई तूच." एकेका गोष्टीचा भार उचलणारी एकेक धर्मआई असते — केकची वेगळी, बुटांची वेगळी, पण सख्ख्या आजीला कुठे मिळतो हा मान? अकरा वर्षं झाली लेकाला तिकडे कामाला जाऊन. नाताळला कायमचा येतो म्हणाला! बायकोशी दोन वर्षं बोलणं नाही, सगळं माझ्याच फोनवर. येऊ दे. माझ्या हातचं खाऊ दे, त्या नेरेइदाच्या नको.

५ जून

उन्हात झकास. कोंबडीचं पीस न् पीस दिसतं. घरात मात्र आंधळा — उजेड लखकन पडतो, पण चार हातांपुढे पोचत नाही. आणि आळशी! बटण दाबलं की आधी विचार करतो, मग काढतो. शेजारची तोमासा हसायला गेली, फोटो आला जांभईचा. "पूस तो, मेले!" कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं की पुसला जातो. तिचा ठेवलाय.

८ जून

वाढदिवसाच्या नाचाची तालीम. नेरेइदा पोरीला खेटून उभी. मी जराशी डावीकडे सरकले — सून गायब! नुसतं कोपर. आणखी सरकले, कोपरही गेलं. काय हसले मी!

"सासूबाई, मी एकातही नाही?"

"कॅमेराच इवलासा, बाई. सगळे मावत नाहीत."

पटलं तिला! पोरीचा झगा शिवत बसली.

१५ जून

आज वाढदिवस झाला. पाय सुजलेत, तरी लिहिते. मोलेचा रस्सा जरा खारट झाला, पण तीन पातेली संपली. पोर मोठी झाली म्हणून तिचे सपाट बूट काढून उंच टाचांचे घालायचे, ते काम बापाचं. बाप नाही, म्हणून नेरेइदाच गुडघ्यावर बसली. अख्खा हॉल रडला. तोमासासुद्धा — ढोंगी! सून खाली वाकली तेव्हा मी दाबलं. पण हा आळशी! फोटो आला तिने मान वर केल्यावर. रडवेली, आणि — खरं लिहिते — सुंदर. लगेच पुसला. मग नुसते पोरीच्या पायांचे काढले.

१९ जून

एक्केचाळीस फोटो छापून लेकाला पाकीट पाठवलं. एकातही ती नाही!

६ जुलै

लेकाचा फोन. "बूट कोणी बदलले गं, आई?"

"दिसत नाही रे, कॅमेराच तसला."

"आणि नेरेइदा?"

"असेल कुठेतरी."

यात खोटं काय? पलीकडे तो फोटो चाळत होता. मग म्हणाला, "पोरीला विचारत नाही. ती तिच्या आईचीच बाजू घेणार." बरं वाटलं. नाताळसाठी डुकराचं पिल्लू घेतलं आज.

२० जुलै

पुन्हा फोन. "पोरीच्या समारंभालाही ती आली नाही. मग मी कोणासाठी येऊ? इथे एक बाई आहे, तिला हो म्हटलंय."

"होती रे ती! शेवटपर्यंत होती!"

"आता कशाला सांभाळून घेतेस तिला, आई?" म्हणाला, आणि फोन ठेवला.