मेदेरच्या नावावरची रेघ

कोक-तेक्तिर, १४ ऑक्टोबर

नासिपा एजे,

तुम्हाला सलाम, घरातल्या थोरांना सलाम. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत टाळलं, आणि आज तीन कागद फाडले. अक्षराकडे पाहू नका. तसंही ते कधी धड नव्हतं. तुमचा लेक तिलेक हसायचा त्याला.

मी खुशाल आहे. म्हणजे... ते पुढे लिहितो. जिल्हा कचेरीनं शिरगणतीसाठी रोजावर माणसं घेतली, त्यात घुसलो. पासपोर्ट हरवलाय म्हटलं, तर कारकून म्हणाला, "नंतर आण, आधी डोंगरात जा." सहा गावं मोजली. एका म्हाताऱ्याला विचारलं, "घरात कोण कोण?" त्यानं सात पिढ्यांचे बाप सांगितले, आणि मी गाढवासारखे सगळे लिहून घेतले! एका खोलीत नऊ माणसं, त्यातले सात मातीत. कचेरी दिवसभर हसत होती. तुमच्या गावची वही दुसऱ्याकडे होती, पण मी डोकावलोच. तिलेक, वय चोवीस, कामासाठी बाहेर. वाटलं, घरी पोचून परत भटकायला गेला असेल. आमची जातच तशी.

आज माझं स्वतःचं गाव होतं. गावकचेरीत बसून वही उघडली. वहीत आईच्या पानावर दोन नावं. दुसरं माझं. त्यावर लाल रेघ, शेजारी तारीख: मयत.

गावप्रमुख सापार बैके, सगळ्या गावाचा थोरला भाऊ, चहा घेऊन आत आला, मला पाहिलं, आणि किटली त्याच्या पायावरच पडली.

"बिस्मिल्ला! अरे, तुला मी या हातांनी मातीत ठेवलंय!"

"बैके, मी आहे."

"हात दे इकडे." त्यानं हात दाबून पाहिला, कान ओढला, रडत रडत एक सणसणीत शिवी घातली. मग हात सोडून मागे सरला. "मग तिथं कोण आहे रे?"

मी घराकडे पळालो. दार उघडं होतं. आई पाठमोरी बसून, मेलेल्याला वास पोचावा म्हणून तळतात ना, त्या रोट्या तळत होती. तो वास माझ्यासाठी होता, एजे. कसाबसा कुजबुजलो, "शिरगणती. घरात किती?"

मागे न बघता ती म्हणाली, "लिही, एक."

मी एक लिहिलं आणि कचेरीत परत आलो.

सापार बैकेनं सांगितलं, "गेल्या साली पहिल्या बर्फानंतर नदीत सापडला. चेहरा राहिला नव्हता. कोट तुझा, अस्तरात पासपोर्ट तुझा."

एजे, तो कोट मीच घातला होता त्याच्या अंगावर. आम्ही दोघं कामाला होतो त्या कुरणातून उतरून तो तुमच्याकडे निघाला होता आणि त्याचा कोट पातळ. "तू गारठशील की रे," म्हणाला. मी म्हटलं, "गप घाल, नवरदेवा. एजे मुलगी बघून बसलीय." नदीपर्यंत तरी चल, असंही म्हणाला होता. मी गेलो नाही. दक्षिणेला बाजारात हमाली होती, खरबुजं फुकट होती. खरबुजांसाठी, एजे!

बैकेनं तुमच्या गावची वहीही मागवून आता दोन्ही समोर ठेवल्यात. "जिल्ह्याची बेरीज बरोबरच आहे. एक गेला, एक वजा. रेघ तेवढी या पानावरून त्या पानावर न्यायची," म्हणतोय. लाल पेन माझ्यापुढे आहे. मी उचललेलं नाही. वहीच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

उद्या माझ्या नावानं वर्षाचं जेवण आहे. घोडा कापून झालाय. आईला हळूहळू सांगायला बैकेची बायको गेलीय. इथून

थांबा. अंगणात कुणी घोड्यावरून उतरलंय. बैके खिडकीतून बघून आला, त्याचा चेहरा पांढरा पडलाय. "पलीकडच्या गावची बाई आहे. तुझ्या आईनं जेवणाचं सांगणं धाडलं होतं म्हणे. विचारतेय, मित्राच्या जेवणाला माझा तिलेक आला असेलच ना?"

आवाज ओळखला, एजे. माझ्या अंगावर बदल्यात आलेला त्याचा पातळ कोट आहे, तुम्ही शिवलेला. काढत नाही. दार उघडायला उठतोय.

नदीपर्यंतही न गेलेला,
मेदेर