चौथी मोटर आणि चासिबचा रुसवा

प्रिय गदबान मामा,

अबुल खसीब गावातल्या तुमच्या बागेतून अबू रिबाबचा हात जोडून सलाम. कंबर आता कशी आहे? बगदादचं पाणी मानवतंय ना? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माणसं. (बाकीचं खाली.) फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारी येऊन विचारतात, कोण गेलं? म्हणून पत्र. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

जाताना तुम्ही एकच काम सांगितलं होतं: बरही खजुराचे तुरे फुटले की चासिबला झाडावर चढवून पराग घालून घे. इतकं सोपं काम! पण तुम्ही गेल्यावर एकदा बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं की झाडावर चढणाऱ्यांचे दिवस संपले, आता ड्रोन आला. चासिब कोपऱ्यातच बसला होता. (मला दिसला नाही हो, शपथ.) त्यानं चहा संपवला, उठला, आणि कमरेचा दोर खुंटीला टांगला. निरोपावर निरोप धाडले; उत्तर एकच, 'त्या ड्रोनलाच चढव म्हणावं.' इकडे तुरे फुटायला लागले. पराग वेळेवर पडला नाही तर असली फळं येतील की शेळीसुद्धा तोंड लावणार नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. आपल्याच जिभेनं केलेलं, आपल्यालाच निस्तरायचं होतं. बनवला ड्रोन.

ड्रोनला चार मोटारी. प्रत्येकीला एक कंट्रोलर, आणि 'पूर्ण वेग म्हणजे एवढा, शून्य म्हणजे एवढा' हे प्रत्येकाला वेगळं शिकवावं लागतं. रिमोटची दांडी पार वर न्यायची, बॅटरी जोडायची, मोटर पीं पीं करते. मग दांडी खाली, पुन्हा पीं. शिकला. (पाती आधी काढून ठेवली होती. तेवढी अक्कल आहे.) बैठकीच्या गालिच्यावर बसून तिघांना शिकवलं. चौथ्यासाठी दांडी वर नेली आणि दारात हाजी मिझहर! आता वडीलधारा माणूस आत येतोय आणि मी बसून राहू? उठलो, हात छातीवर ठेवला, त्या हातात रिमोट, आणि पोटाला लागून दांडी घसरली अर्ध्यावर. हाजी बसले. बसलेल्या पाहुण्याला म्हणायचं ते 'अल्ला बिलखैर' मी म्हटलं, त्यांनीही उलट म्हटलं, मग त्यांच्या नातवंडांची चौकशी, माझ्या कूलरची चौकशी. एवढं झाल्यावर मी न बघता बॅटरी जोडली. पीं पीं. चौथा शिकला: अर्धं म्हणजेच पूर्ण.

बागेत निम्मं गाव जमलं. दांडी थोडी वर केली. तीन मोटारी शहाण्यासारख्या फिरल्या, चौथी बेभान सुटली, ड्रोननं कोलांटी मारली आणि परागाच्या डबीसकट पाटात. पराग थोडा सांडला. हाजी म्हणाले, "मासे फळतील रे यंदा!" लोक अजून हसतायत. मग मी सगळे कंट्रोलर पुन्हा शिकवले, संडासात कडी लावून. तिथे कुणी सलाम करत नाही, केलाच तरी उत्तर द्यायचं नसतं. (आमची ही, उम्म रिबाब, म्हणते, बैठकीत बसू नका हे तिनं आधीच सांगितलं होतं. ती सगळंच आधी सांगते.)

त्याच संध्याकाळी चासिब घरी आला. कॉफीचा पेला पुढे केला तर तो न पिता खाली ठेवला. म्हणजे मागणं आहे. घरी आलेल्यानं पेला न उचलता मागितलं तर 'दिलं' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. म्हटलं, दिलं. मग त्यानं मागणं सांगितलं आणि कॉफी प्याला. काय मागितलं ते मी सांगणार नाही. एवढंच कळवतो की तो अजून भयंकर रागावलेला आहे आणि म्हणूनच झाडावर चढत नाही. रोज सकाळी मात्र येतो, खाली उभा राहून मला शिव्या देतो: "डावीकडे घे! तो तुरा अजून मिटलाय, गाढवा! पुढचा!" बहुतेक बरहीवर पराग पडलाय. पीक हातचं जात नाही, निश्चिंत असा.

तुमचा भाचा,
अबू रिबाब

ता. क. येताना बगदादहून पात्यांचे दोन जोड आणाल का? एवढ्यासाठीच खरं तर लिहिलं.

ता. क. मामा, मी उम्म रिबाब. पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याकडे आलं. पराग थोडा नव्हे, सगळा वाहून गेला. आता घालतोय तो चासिबकाकांनी स्वतःच्या घरचा आणून दिलेला. आणि वचन यांनी दिलंय, पडद्यामागून ऐकणाऱ्या माझ्याकडे कुणी मागितलं नाही. काका कधीच रागावले नव्हते. त्यांचे गुडघे गेलेत. गेल्या हंगामात उतरताना मध्येच पाय लटपटले, तेव्हापासून झाडाची भीती बसलीय. यांनी बढाई मारली, त्यांना रुसायला निमित्त मिळालं. "गदबानला सांग, रागावलोय म्हणून चढत नाही. चढवत नाही असं सांगू नकोस," एवढंच मागितलं हो त्यांनी. मला पडद्यामागे रडू आवरेना. तुम्ही आलात की भर बैठकीत त्यांना म्हणा, 'पुरे झाला रुसवा, चासिब, बांध दोर.' ते नाही म्हणतील. पुन्हा म्हणा. पुन्हा नाही म्हणू देत, सगळ्यांदेखत. मग सोडून द्या.