उरलेले ऐंशी सेकंद

८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत नापास झाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील.

लेखी परीक्षेत शंभरात ब्याण्णव आहेत. तोंडी परीक्षा मात्र संगणकासमोर बसून द्यायची असते. सहा प्रश्न, प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिला प्रश्न होता, तुमच्या राहत्या खोलीबद्दल सांगा. मी सांगितलं की खोली दहा फूट बाय बारा, पूर्वेला एक खिडकी, दोन टेबलं, दोघी राहतो. चाळीस सेकंदांत उत्तर संपलं. उरलेले ऐंशी सेकंद मी पडद्यावरचं घड्याळ बघत गप्प बसले. सहाही प्रश्नांना असंच झालं. निकालपत्रावर लिहिलंय, भाषा निर्दोष, बोलणं अपुरं. माझ्या मते उत्तरं पूर्ण होती.

ही परीक्षा पास झाल्याशिवाय विद्यापीठ मला शाळेत शिकवायला पाठवत नाही, आणि तिथे शिकवल्याशिवाय स्पॅनिशची शिक्षिका होता येत नाही. दुसरी संधी २६ फेब्रुवारीला आहे. निकाल त्यानंतर तीन आठवड्यांनी. बाबांनी साहेबांना सांगून त्यांच्या प्रयोगशाळेतली माझी जुनी नोकरीची जागा राखून ठेवलीय, ती मात्र फक्त दहा मार्चपर्यंत. तारखा जुळत नाहीत हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाबांना तू सांग. फोनवर मी सांगितलं तर ते ‘बरं’ म्हणतील, मीही ‘बरं’ म्हणेन आणि फोन ठेवू.

गुण कमी झाले तेवढे पुरेत. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी भाची


१९ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, खोलीबद्दल विचारलं तर लांबी-रुंदी सांगितलीस? परीक्षकाला ती भाड्यानं घ्यायची होती का? खिडकीतून काय दिसतं, ती दुसरी मुलगी घोरते का, दोन टेबलांत चांगलं कुणी बळकावलं, हे कोण सांगणार? माझ्या शिवणाच्या दुकानात बायका माप द्यायला म्हणून दोन मिनिटं यायच्या आणि तासभर बसायच्या. मापं सगळी विसरले मी, त्यांच्या सासवा अजून पाठ आहेत.

तुझ्या बाबांना सांगितलं. माझे कान गेल्यापासून घरात ज्याला जे सांगायचं ते टेबलावरच्या वहीत लिहितात, हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी लिहिलं, ‘दहा मार्च.’ बस्स. तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत वजनं तपासून माणूसही वजनासारखा झालाय, ठेवला तिथे बसतो. तिथल्या नव्या यंत्राची स्पॅनिश पुस्तिका वाचता यावी म्हणून तू ती भाषा शिकलीस, त्याचं त्यांना कौतुक होतं. दुपारच्या सुट्टीत तिथल्या कामगारांना शिकवायला लागलीस, तेही चाललं. पण त्यापायी बसलेली घडी मोडून, ख्रिस्ती विद्यापीठात जाऊन मास्तरीण व्हायचं, हे काही त्यांच्या गळी उतरत नाही. तिथे तुला प्रार्थना करायला लावतात का, हे त्यांना विचारायचंय. ते विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते.

आणि पुढचं पत्र जरा लांब लिही. तुझं पाकीट फोडायला लागतो त्याहून कमी वेळ आतलं पत्र वाचायला लागतो.

घरच्यांचे आशीर्वाद, माझे थोडे जास्त.
तुझी आत्या


४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रार्थना करायला लावत नाहीत. आमच्या प्राध्यापक बाई तास सुरू होण्याआधी स्पॅनिशमधून प्रार्थना म्हणतात, मग प्रत्येकजण आपल्या मनातल्या एखाद्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. ज्याला बोलायचं नसेल त्याने ‘पुढे’ म्हणायचं. मी पाच महिने ‘पुढे’ म्हणतेय. वर्गातल्या मुली म्हणाल्या, वेडी आहेस, रोज फुकटचा सराव मिळतोय तो घे. मी नाही म्हटलं. त्या मनापासून बोलत असताना मी तिथे तालीम करणं मला पटत नाही. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पटत नसेल तर इथे बोलू नकोस, पण बोलायची एखादी जागा शोध, आणि या महिन्यात शोध.

सध्या मी आठवड्यातून दोनदा एका शाळेत मागच्या बाकावर बसून तास नुसते पाहते. गेल्या मंगळवारी तिथल्या स्पॅनिशच्या शिक्षिकेने मला दहा मिनिटं वर्ग दिला. अकरा मुलांना मी एकच प्रश्न विचारला, रविवारी काय केलंस? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, झोपले. मी ‘बरोबर’ म्हटलं आणि पुढच्याकडे वळले. चार मिनिटांत अकरा उत्तरं झाली. मग करायला काहीच उरलं नाही. नंतर शिक्षिका म्हणाली की तू प्रश्न विचारत नव्हतीस, तपासणी करत होतीस. मला राग आला. खोलीवर येईपर्यंत तिचं वाक्य खोडून काढायला एकही मुद्दा सापडला नाही.

हे पत्र आधीच्यापेक्षा लांब आहे. मोजलं नाही, पण आहे.

तुझ्या लोभावर विसंबून,
भाची


१५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी घरातली वही मागे उलटून पाहिली. तुझ्या बाबांनी गेल्या महिन्यात काय काय लिहिलं, तेच तुला पाठवते. ‘हो.’ ‘जेवलो.’ ‘उद्या.’ ‘नाही.’ ‘मिळालं.’ त्यात चूक काहीच नाही, बाई. सगळं खरं आहे. पण मला ऐकू येत होतं तेव्हा हाच माणूस ‘जेवलो’ म्हणायचा आणि त्यामागून मीठ कमी पडल्याचं, ऑफिसातल्या एका गाढवाचं, गुडघ्याचं, सगळं यायचं. लिहायचे कष्ट पडायला लागल्यावर त्यांनी कामाचं तेवढं ठेवलं आणि बाकी गाळलं. दोन वर्षं मी त्या गाळलेल्यासाठी झुरतेय. त्यांना वाटतं, बहिणीला सगळं तर सांगतो.

हे रडगाणं नाही. तुला एवढंच सांगते की समोरच्याला आपण बरोबर उत्तर देतो तेव्हा तो कधीकधी उपाशीच उठतो. त्या मुलीला विचार, का झोपलीस.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या


५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. शिक्षिकेकडून पुन्हा दहा मिनिटं मागून घेतली. त्या मुलीने तुटक्या शब्दांत सांगितलं की घरी पाहुणे आले होते, तिला टेबलाखाली अंथरूण मिळालं होतं आणि तिथून सकाळभर तिने सगळ्यांचे पाय पाहिले. कुणाचे पाय चिडलेले होते, तेही सांगितलं. वर्ग हसला. मग पाच हात वर आले. तिने सात चुका केल्या. माझी मोजायची सवय सुटली नाही, पण एकही चूक दुरुस्त केली नाही. दहाऐवजी पंचवीस मिनिटं झाली आणि शिक्षिकेने थांबवलं नाही.

परीक्षाही झाली. या वेळी पहिला प्रश्न होता, तुमच्या ओळखीच्या एका माणसाबद्दल सांगा. मी तुझ्याबद्दल आणि तुझ्या वहीबद्दल बोलले. तुला विचारलं नव्हतं, माफ कर. दोन मिनिटांनी यंत्राने मला वाक्याच्या मध्येच तोडलं. पुढच्या दोन प्रश्नांना मात्र पुन्हा गप्प झाले, त्यामुळे निकाल कोणत्या बाजूला झुकेल ते खरंच माहीत नाही. प्रार्थनेच्या वेळी मी अजूनही ‘पुढे’ म्हणते.

निकाल १९ तारखेला आहे. मी थांबले नाही. प्रयोगशाळेची जागा सोडत असल्याचं काल साहेबांना कळवलं. पास झाले तर शिकवायला जाईन. नापास झाले तर तिसरी संधी जूनमध्ये आहे, तोवर मागच्या बाकावर बसेन. परतायला जागा राखून ठेवलेली होती, म्हणूनच प्रत्येक उत्तर मी लवकर संपवत होते, असं मला आता वाटतं.

हे बाबांना तू सांगू नकोस. सोबतच्या दुसऱ्या पाकिटात त्यांचं पत्र आहे. चार पानं झालीत. जागा का सोडली, ते पहिल्या पानावर आहे. बाकीच्या तीन पानांवर बाकीचं. ते पहिलं पान वाचून ‘कळलं’ असं वहीत लिहितील. तेव्हा तू त्यांच्यासमोर बस आणि उरलेली तीन संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस.

लोभ आहेच. तो वाढता राहू दे.
तुझी भाची