काळा कापूस

११ नोव्हेंबर २०१३, सोमवार

राळेगावची कापसाची जिनिंग बंद पडल्यावर चोपन्नाव्या वर्षी नवी नोकरी मिळेल, अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती. आज झरी जामणीच्या रस्त्यावरील कोळसा-प्रक्रिया केंद्रात भांडारप्रमुख म्हणून रुजू झालो. शेड एका बंद जिनिंगचीच आहे. छताच्या जाळ्यांत अजून रुई अडकलेली दिसते, त्यामुळे परके वाटले नाही. प्रयोगशाळेचे तरुण प्रमुख अनिमेष यांनी काम समजावले. कोळशाची भुकटी पाण्यात घोळवून टाकीच्या तळातून हवा सोडतात. कोळसा बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येतो, माती खाली राहते. अतिबारीक कोळसा पूर्वी वाया जाई. आता त्यांनी तयार केलेले नॅनोकण त्याच्यावर बसतात. मग पाणी त्याला सोडते आणि बुडबुडा धरतो. योजना सुबक आहे. चहाही उत्तम मिळाला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

टाकीवरचा देवसिंग जुना जिनिंग कामगार. रुईची चिमूट दोन्ही अंगठ्यांत ओढून धागा पाहावा, तसाच तो फेस ओढून पाहतो. हातमोजे न घालण्याविषयी मी आक्षेप घेतला, तेव्हा म्हणाला की हातमोज्यातून धागा समजते काय, साहेब? त्याची बायको गंगी फेसाची नाली झाडते. ती हसून म्हणाली की आमच्या बुढ्याले काळा कापूस भेटला, याच्यावर अळी पडत नाई, न् पावसाचीबी वाट पाहा लागत नाई. जन्माच्या सवयीने मीही एक चिमूट ओढली. फेस फुटला नाही. धागा निघाला, लांब, चिवट, पहिल्या प्रतीचा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

देवसिंगच्या हातांना पाणी लागत नाही. नळाखाली धरले की धार बाजूला वळते. बोटांवरचा काळा रंग कोपरापर्यंत चढला आहे, आणि टाकीजवळ जाताच हात आपोआप फेसाकडे उचलले जातात. अनिमेष म्हणाले की कण कार्बन ओळखतात, आणि माणूस तरी दुसरे काय आहे? गंगी कुऱ्हाड घेऊन आली. म्हणाली, हे काळं खांद्यावर गेलं त बुढ्याचा जीव जाईन, आताच हात तोडा. मी कुऱ्हाड काढून भांडारात कुलूपबंद केली. यवतमाळला रुग्णालयात नेण्यासाठी रीतसर अर्ज करून गाडी मागवली. गंगी मला म्हणाली, तुमचा कागद पोचेलोक माणूस राहीन काय?

माझ्या अंगठ्यांवरचा डाग साबणाने निघत नाही.

२० नोव्हेंबर

गाडी आज आली. त्याआधी काळी रेघ देवसिंगच्या खांद्याला टेकली. चौघांना फरफटत तो टाकीवर चढला; पाय धरणाऱ्याच्या मुठीत कातडी राहिली. यंत्र थांबवेपर्यंत टाकीने त्याला निवडून वेगळे केले होते. मांस फेसाबरोबर नालीत. हाडे तळाच्या मोरीत, स्वच्छ धुतलेली. अनिमेष बाटली घेऊन वाकले – नमुना घ्यायला. गंगीने मागून त्यांचे तोंड फेसात दाबले आणि पाय झाडायचे थांबेपर्यंत मान सोडली नाही. कोणीही मध्ये पडले नाही. मीसुद्धा.

२१ नोव्हेंबर

सगळे पळाले. वीज तोडली, तरी फेस फुगतो आहे. पाणी पितो – ओठांवरून ओघळून जाते. दोन्ही मनगटे काळी. रस्त्यापर्यंत गेलो होतो. माझ्याच हातांनी मला मागे ओढले. दाराची चौकट दातांनी धरली. दोन दात चौकटीतच –

२२

रेघ कोपराखाली. गंगी परतली, देवसिंगची हाडे वेचायला. तिला भांडाराची किल्ली दिली. दंडांना पट्टे आवळायला लावले. म्हणाली, आता अर्ज नाई लागत, साहेब? मग विचारले, आधी कोनता.

लिहितो उजव्याने. म्हणून डावा.

झाले. दोन घाव लागले. तुटलेला हात बोटांवर सरकत टाकीकडे –

ती म्हणते, रेघ चढून राह्यली, कायले लिहता, ठेवा हात. तिला म्हटले, एवढेच. पोलीस येतील. मी पूर्ण शुद्धीत, स्वेच्छेने लिहून देतो की गंगीने हे माझ्याच सांगण्याव–