ओढ्याकाठची रिबनवुडची राई

मी, क्लॅरेन्स हॉबडे, वय एक्याऐंशी, धंदा गुरं पाळणं, राहणार क्वीन्सलँडमध्ये डेंट्री नदीच्या उत्तरेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ऐकू कमी येतं, डोकं शाबूत आहे. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर, वरची कुरणं आणि सगळी जनावरं माझा मुलगा डेसमंड याला. छपराची मागची बाजू त्याने पावसाआधी बघून घ्यावी. तीन वर्षं सांगतोय.

२. माझं खोगीर आणि कुंपणाची हत्यारं शेजारच्या बर्ट अ‍ॅमोसला. तार ताणायचा चाप त्याच्याकडेच आहे. तो परत मागू नये.

३. ओढ्याकाठची चाळीस एकर, तीवरच्या रिबनवुडच्या राईसह, कै. सेवेरिनो बोर्तोलुस्सी यांची मुलगी लिडिया हिला. डेसमंडने हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, विषारी झाडांची जमीन परक्या बाईला? डोकं फिरलंय का तुमचं?" फिरलेलं नाही. कारण पुढे देत आहे, तो या कलमाचाच भाग समजावा.

सेवेरिनोची केळीची बाग आमच्या कुंपणाला लागून होती. १९७२ साली माझे बैल त्याच्या बागेत दोनदा घुसले. दुसऱ्या वेळी तो ओरडला, "क्लॅरी, आता परत आले ना, तर मी काय करीन सांगता येत नाही!" दहा दिवसांनी माझे चार बैल ओढ्याकाठी झटके देऊन मेले. मी तसाच गावातल्या हॉलमध्ये गेलो आणि नाचाचा कार्यक्रम थांबवून सगळ्यांसमोर म्हणालो, की त्या इटालियनाने माझ्या जनावरांना विष घातलं.

चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी बैलाचं पोट फाडलं. आत मुठीएवढ्या बिया होत्या, काही अख्ख्या, काही फुटून चार-चार फाका झालेल्या. डॉक्टर म्हणाले, "क्लॅरेन्स, हे कुणी घातलेलं नाही. तुमच्याच झाडाखालचं आहे. अहवाल मी ब्रिस्बेनला पाठवतो. गावात काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

मी काहीच सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणालो, मग पुढच्या रविवारी. तोवर सेवेरिनोच्या केळ्यांना गाडी मिळेना. त्याच्या बायकोला, पिएरिनाला, दुकानात पाव मिळेना. वर्षभरात बाग विकून ती माणसं मरीबा गावी तंबाखूच्या मळ्यावर गेली. लिडिया तेव्हा सहा वर्षांची होती. मला क्लॅरीकाका म्हणायची.

पुढे विद्यापीठातले लोक आले. त्यांच्याकडून कळलं, की हे झाड फुलझाडांच्या फार जुन्या घराण्यातलं आहे आणि जगात इथल्या चार-दोन ओलसर खोऱ्यांपलीकडे कुठेच नाही. फूल पांढरं उमलतं आणि लाल होत जातं. बी इतकी जड, की कोणताही पक्षी नेत नाही. पडते, उतारावरून घरंगळते आणि थांबेल तिथे रुजते. म्हणून ते पसरत नाही. लाकडाला कोणी विचारत नाही. पण बैलाला झटके आणणाऱ्या त्या विषातूनच झटक्यांवरचं औषध निघेल का, हे ते तपासत होते. मी त्यांना राई दाखवली, चहा पाजला, आणि बैलांबद्दल विचारलं तेव्हा आठवत नाही म्हणालो.

गेल्या वर्षी मरीबाच्या इस्पितळात सेवेरिनोला भेटलो. मी सुरुवात केली तसा त्याने हात वर केला.

"गुरांच्या डॉक्टरने मला त्याच महिन्यात सांगितलं होतं, क्लॅरी."

"मग तू बोलला का नाहीस?"

"माझं कोणी ऐकलं असतं? ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं. मी वाट बघितली." मग म्हणाला, "आता मला सांगून काय फायदा? मला ठाऊकच आहे. हॉलमध्ये सांग."

जूनमध्ये तो गेला. लिडिया आता रोपवाटिका चालवते आणि या झाडाची रोपं बियांपासून करते, म्हणून राई तिला.

ही हकीकत माझ्या मरणानंतर हॉलमध्ये वाचावी, असं मी आधी लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला कोण काय बोलणार? सोपं आहे की मग." खरं होतं. म्हणून गेल्या शनिवारी मीच उभा राहून वाचली. सगळं वाचलं. जुन्यांपैकी तिघे उरलेत, ते खाली बघत होते. लिडिया मागून चालत पुढे आली.

"तो कागद मला द्या," ती म्हणाली. "आई आहे अजून. तिला वाचून दाखवायचाय."

मी दिला. त्यामुळे वरची हकीकत आज दुसऱ्यांदा लिहिली आहे. एकही शब्द आठवावा लागला नाही.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत यावर सही केली.

(सही) क्लॅरेन्स हॉबडे

साक्षीदार:
१. (सही) मॉरीन टिल्स, परिचारिका
२. (सही) ऑगस्ट लिंडक्विस्ट, होडीघाटावरील नोकर

ठिकाण: मॉसमन, क्वीन्सलँड
दिनांक: १४ ऑगस्ट २००९