धारदरीचा लेप

२३ नोव्हेंबर १९८२, मंगळवार

आज सव्वाअकराच्या सुमारास धारदरीस पोहोचलो आणि डोंगर दृष्टीस पडताच प्रवासाचा शीण उतरला. हसनाबादमार्गे भोकरदनपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. जालना जिल्हा होऊन दीड वर्ष झाले. त्याच्या डोंगराळ भागाचा इतिहास आणि निसर्गस्थळे सांगणारी पुस्तिका काढण्याचे जालन्याचे छापखानेवाले रामनिवासजी यांनी मनावर घेतले आणि लेखन माझ्याकडे सोपवले. वाईस अडतीस वर्षे मराठी शिकवली. माझे नाव छापलेले हे पहिलेच पुस्तक असेल. त्यात एकही मोघम विधान राहू द्यायचे नाही, असा निश्चय केला आहे.

देवळाचे पुजारी साहेबराव गुरव यांच्या ओसरीलगतच्या खोलीत उतरलो आहे. त्यांच्या मातोश्री झुंबरबाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. भूक उत्तम लागली होती. देवळामागे कातळातून करंगळीएवढी धार बारमाही वाहते. तिच्यावरच गाव जगते. पाणी गोड आहे.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

देऊळ पाहिले. चौथऱ्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा शेंदराचा गोळा आहे. नाक, डोळे, हात, काहीही ओळखू येत नाही. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत आले आहेत. नव्या पाहुण्याने पहिला लेप स्वहस्ते लावावा, अशी येथील रीत. लावला. अंगठा त्या गोळ्यात पेरभर रुतला. खवट तेलाचा उग्र दर्प आला. माश्या तर हाकलूनही उठत नव्हत्या.

धारेवर तीनदा हात धुतले. झुंबरबाई पदराआड हसत म्हणाल्या, “एवढा साबन लावून राह्यले गुरुजी! देवाला शिवून बाटले का तुमी?”

मूर्ती कोणत्या काळातली, असे साहेबरावांना विचारले. ते म्हणाले, “आमाला काय ठावं गुरुजी. लेप लावायचा, काढायचा न्हाई. आतला उघडा पडला की दुसऱ्याला बसावं लागतं.” कोण बसतो, असे विचारता त्यांनी चिलीम पेटवली आणि विषय बदलला.

‘मूर्ती फार जुनी आहे’ हे काही इतिहासलेखन नव्हे. यादवकालीन की त्याआधीची, हे कळलेच पाहिजे.

२७ नोव्हेंबर, शनिवार

साहेबराव बाजारास गेले होते. पेन्सिलीचा चाकू घेऊन मी दुपारी देवळात गेलो. तोंडाच्या जागी वीतभर भाग खरवडला. हेतू केवळ अभ्यासाचा होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

वरचे थर वाळलेले होते, कपच्या निघाल्या. त्याखाली काळजाच्या रंगाचा चिकट थर. त्याखाली पिवळा, दुधाच्या नासलेल्या सायीसारखा, आणि त्यात पांढरे केस. एक ओढून पाहिला. तो मुळासकट आला आणि छिद्रात पाणी भरले. सायीखाली त्वचा होती. कोमट.

चाकूच्या टोकाशी एक पापणी उघडली.

त्या डोळ्यात राग असता तर मला समजले असते. त्यात आभार होते. मी चौथऱ्यावरच ओकलो.

२९ नोव्हेंबर, सोमवार

ओला शेंदूर थापून ती जागा बुजवली होती. रात्रीतून तो गळून पडला. सगळा गोळा एका अंगाने खचला आहे. धार थांबली. आता कातळातून एक दाट, पिवळसर थेंब पाझरतो, त्यावर तवंग असतो. शनिवारी सायंकाळी मी तेच पाणी प्यालो होतो, बहुधा.

गावकरी आले. कोणी रागावले नाही, हेच मला सहन झाले नाही. त्यांनी ते जे काही होते ते गोणपाटात गुंडाळून पुरले. झुंबरबाईंनी सावकाश सांगितले: “मी नवी नवरी व्हते तव्हा आल्ता. निजामाचा मोजनीवाला साहेब. लई हुशार. त्यानं बी खरवडलं. पन्नासाच्या वर वर्सं बसला, सुटला बिचारा.” बसणारा नसला तर धार बिलकुल येत नाही, असेही म्हणाल्या.

उद्या सकाळी निघणार आहे.

३० नोव्हेंबर, मंगळवार

निघता आले नाही. सदरा घालताना डाव्या डोळ्याभोवतीची कातडी सुटून आली. वेदना नाही, पण वारा लागला की आग होते. मान, काख, मांड्यांचे सांधे – सर्वत्र ओले, सोललेले. खवट वास माझ्याच अंगाला येतो. साबण संपला.

२ डिसेंबर, गुरुवार

साहेबरावांनी स्वतःच गाडी जुंपून दिली. कोणी अडवले नाही. ओढ्यापर्यंत गेलो, वाऱ्याने इतकी आग झाली की मीच गाडी फिरवायला सांगितली. परतल्यावर साहेबराव म्हणाले, “मंग काय करावं गुरुजी? लेप लावू का?” मी नको म्हणालो.

दुपारी हो म्हणालो.

किळस आली, आणि लगेच गार वाटले. आणखी लावा म्हणालो. मी. स्वतःच्या तोंडाने.

४ डिसेंबर, शनिवार

चौथऱ्यावर बसतो. येथे वारा लागत नाही. कालचा थर कडक झाला. गुडघे मिटलेत ते उघडत नाहीत. ओठांवर माशी चालते – उडवता येत नाही – ती आत येते.

मागे पाण्याचा आवाज आहे. धार आली. बाया हंडे घेऊन आल्या. एकीने पाया पडून विचारले, गुरुजींना आज तीळतेल चालेल की जवसाचे.

तीळतेल, म्हणालो.

६ डिसेंबर

डावा डोळा मिटला. जीभ जाड – चव सतत खवट. गिळतो आहे ते काय आहे – विचार नको.

उजवा हात उद्यापर्यंत मोकळा ठेवा, अशी विनंती केली. पुस्तिका पुरी करायची आहे. झुंबरबाई “बराबर” म्हणाल्या.

७

रामनिवासजींस पाठवायचा मजकूर. ‘मूर्तीस हात लावू नये’ असे लिहिले होते. खोडले.

नवा मजकूर – धारदरीची मूर्ती अतिप्राचीन असून तिचे मूळ रूप आजवर एकाही अभ्यासकाने पाहिलेले नाही – हे विधान असत्य आहे. तसेच ठेवतो – लेप तोंडाशी पातळ आहे – लहानसा चाकू पुरतो – पुजारी शनिवारी बाजारास जातात –

झुंबरबाई वाटी घेऊन आल्या. थोडे थांबा म्हणायचे आहे, ओठ –

जिज्ञासूंनी अवश्य यावे – पन्नास वर्षे थांबू नये – डावीकडून खरवडावे, डावीकडून, मी त्या बाजूला अजून